कासारेंनी तपासलेला समुद्र

जावयाला टोमणा मारायचा तर तोही अहो-जाहो करून मारावा लागतो, हा आपल्याकडच्या सासऱ्यांवर झालेला जुना अन्याय आहे. बुद्धभूषण कासारे यांनी या अन्यायातूनही वाट काढली होती. अंबरनाथच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणी विभागात उभी हयात गेलेली. माल पास करायचा की नापास, एवढंच काम. त्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांच्या बोलण्याला शिक्क्याचा आवाज होता. "सुगतराव, तुमच्या हातात काय टिकतं हो?" एवढंच ते म्हणत, आणि तेही भाजी वाढता वाढता.

याला आधार काय? तर सुगतने एकदा त्यांची स्कूटर नेली आणि आरसा फोडून परत आणली. पुढे एकदा कुकर नेला तो शिट्टीशिवाय आणला. या दोन वस्तूंवर कासारेंनी इतके टोमणे काढले होते की मुद्दल केव्हाच फिटलं होतं. चालू होतं ते निव्वळ व्याज. जावई स्वभावाने गरीब. मान खाली घालून जेवायचा आणि दुसऱ्यांदा भात घ्यायचा नाही.

असा हा जावई एके दिवशी सासुरवाडीला बदलापुरात जेवायला आला आणि त्याने तोंड उघडलं. कंपनीच्या कामासाठी त्याला आणि कासारेंच्या लेकीला, मनालीला, काही महिने मस्कतला जायचं होतं. उल्हासनगरचा फ्लॅट बंद राहणार, तर घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं काय करायचं, असा विषय निघाला.

"डोंबिवलीला मित्र आहे, त्याच्याकडे ठेवतो," सुगत म्हणाला.

"म्हणजे आम्ही इथे फोटोत आहोत का?" कासारेंनी विचारलं.

"तसं नाही पप्पा. ते साध्या माशांसारखं नसतं. आत जिवंत पोवळी आहेत. त्यांना हाडं बांधायला पाण्यात कॅल्शियम लागतं, ते मेंटेन करावं लागतं. चारशे वीस. अवघड आहे, तुम्हाला नाही जमणार."

वाक्य 'अवघड आहे' इथे थांबलं असतं तर ही गोष्ट डोंबिवलीला घडली असती. पण पुढचे तीन शब्द बाहेर पडले आणि मनालीने टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय दिला, तो उशिरा दिला. ज्या माणसाने आयुष्यभर काचेच्या नळीत थेंब मोजले, ज्याच्या सहीशिवाय एक पेटी गेटबाहेर गेली नाही, त्याला एक कुकर न सांभाळता आलेला माणूस सांगत होता, तुम्हाला नाही जमणार.

"टाकी इथे येईल," कासारे म्हणाले. "आणि जशी दिली तशी परत मिळेल. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

शीलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि जावयाला न विचारता भात वाढला. काय पणाला लागलं ते त्यांना लगेच कळलं होतं. पोवळी जगली तर कासारेंचं टोमण्यांचं दुकान जन्मभर चालू. मेली तर त्याच दिवशी शटर खाली, आणि वर सुगतच्या हाती आरसा-शिट्टीपेक्षा फार मोठी वस्तू येणार: सासऱ्याने मारलेला समुद्र.

टाकी तशी लहान. टीव्हीच्या खोक्याएवढी काच, आत दगड, दगडांवर हिरवी-जांभळी पोवळी. पण ती टेम्पोतून उतरली तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरी नीलिमाताई खाली उभ्याच होत्या. निवृत्त माणसाने घरी काही आणलं की ते रहिवाशांच्या हिताविरुद्ध असतं, असा त्यांचा अनुभव होता.

"आत जिवंत आहे का काही?"

"सगळंच जिवंत आहे," कासारे अभिमानाने म्हणाले.

"मग लिफ्ट नाही. पाळीव प्राणी जिन्याने न्यायचे, ठराव झालेला आहे."

हा ठराव दुसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्यासाठी झाला होता, पण ठरावाला तोंड बघून वागता येत नाही. समोरच्या ब्लॉकमधले परब मध्ये पडले. परब मूळचे मालवणचे. बदलापुरात समुद्राबद्दल काहीही निघालं की ते आपोआप तज्ज्ञ होत. "प्राणी खंयचो? पोवळां म्हणजे दगड. माझ्या आजयेच्या माळेत होतां."

"दगड असेल तर बांधकामाचं सामान. तेही लिफ्टने नाही."

"मग झाड म्हणा," शीलाताई म्हणाल्या. "झाडं जातात ना लिफ्टने?"

नीलिमाताईंनी विचार केला. झाडांविरुद्ध ठराव नव्हता. "झाड लिहू?" त्यांनी विचारलं. टेम्पोवाल्यासकट सगळ्यांचे चेहरे उजळले. कासारेंनी नुसती मान हलवायची होती.

"चुकीची नोंद होणार नाही," कासारे म्हणाले. "हा प्राणी आहे. त्याला तोंड आहे, पोट आहे. तो खातो."

"आणि खाल्लेलां भायर खंयसून जातां?" परबांनी विचारलं.

"तोंडातूनच."

"असे सोसायटीत आधीच दोघं-तिघं आहेत," नीलिमाताई म्हणाल्या आणि जिन्याकडे बोट केलं. समुद्र चौथ्या मजल्यावर हाताने गेला. प्रत्येक वळणावर थोडा थोडा सांडला आणि शेवटच्या वळणावर कासारेंची कंबर धरली. सत्याची किंमत माणसाला मणक्यात मोजावी लागते.

जाताना सुगतने दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, दर पंधरवड्याला थोडं पाणी काढायचं आणि सोबत दिलेल्या बादलीतल्या समुद्री मिठाचं ताजं पाणी घालायचं. दोन, कॅल्शियम तपासायचं किट आहे, आठवड्यातून एकदा बघितलं तरी पुरे. कासारेंनी पहिली गोष्ट जागच्या जागी नापास केली. तपासून पास झालेल्या मालात नवा, न तपासलेला माल मिसळला की अख्खा लॉट संशयित होतो, हे फॅक्टरीतलं पोरही सांगेल. पाणी चांगलं आहे, तर बदलायचं कशाला? टाकीवर त्यांनी एक रेघ मारली आणि उन्हाने पाणी उडून खाली गेलं की फिल्टरचं गोडं पाणी घालून रेघेपर्यंत आणायचं, असं ठरवलं. पाणी उडतं पण मीठ मागे राहतं, तेव्हा हिशोब बरोबर. इथपर्यंत खरोखरच बरोबर होता.

दुसरी गोष्ट मात्र त्यांनी मनावर घेतली. टाकीतलं पाणी सिरिंजने काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात पूड टाकली की ते गुलाबी होतं. मग बाटलीतून थेंब थेंब सोडत जायचं. ज्या थेंबाला गुलाबीचं निळं होईल, तो थेंब कॅल्शियम किती ते सांगतो. पहिल्याच दिवशी बरोबर चारशे वीस आलं आणि कासारेंना निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा अंघोळ केल्यासारखं वाटलं.

पण एक रीडिंग म्हणजे अफवा. तीन रीडिंग म्हणजे बातमी. साक्षीदारासमोर घेतलेली तीन रीडिंग म्हणजे सत्य. तपासणी विभागाची ही पद्धत त्यांनी घरात लागू केली. साक्षीदार अर्थातच शीलाताई. त्या कणकेचे हात घेऊन उभ्या राहत आणि विचारलं की म्हणत, "निळं."

"नीट बघून सांग."

"अहो, निळं म्हणजे निळं. तुमच्या आधी मी नीळ घातलीय कपड्यांना."

आठवड्याचं रोजावर आलं आणि रोजचं सकाळ-संध्याकाळवर. त्यात सोसायटीला कळलं. परब मेव्हण्याला घेऊन आले, मेव्हणा शेजाऱ्याला. सगळ्यांची एकच फर्माईश, "गुलाबीचां निळां करून दाखवा." नीलिमाताई सोसायटीच्या वतीने पाहणीला आल्या त्या भिशीच्या बायका घेऊन. "आकडा चारशे वीस आहे म्हणता? मग त्यावर विश्वास किती ठेवायचा?" असं हसत त्यांनी तीनदा करून घेतलं. प्रत्येक पाहुण्याला ताजं पाणी, ताजा प्रयोग, मग चहा. फॅक्टरीत कासारे तपासणीला निघाले की लोक खुर्च्या सोडून पळत. इथे खुर्च्या ओढून बसू लागले. माणूस वाहवत जायला एवढं पुरतं.

तपासलेलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून ते गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालत. फॅक्टरीतही रद्दी कागद ते दोन्ही बाजूंनी वापरत.

काही दिवसांनी आकडा चारशे दहा झाला. मग चारशे. कासारेंनी चष्मा पुसला, नळी पुसली, साक्षीदार बदलून पाहिला. तीनशे नव्वद. जांभळ्या पोवळ्याने कडेची तोंडं मिटायला सुरुवात केली.

सुगतला फोन करायचा प्रश्नच नव्हता. मस्कतहून व्हिडिओ कॉल आला की कासारे फोन छताकडे धरत आणि पंख्याबद्दल बोलत. त्यापेक्षा त्यांनी उल्हासनगरला लालवानींचं दुकान गाठलं. टाकी मुळात तिथूनच घेतलेली. लालवानी शेठ स्टुलावर बसून माशांना आणि गिऱ्हाइकांना एकाच शांतपणे न्याहाळत.

"कॅल्शियम उतरतंय," कासारेंनी आवाज खाली आणून सांगितलं, जसं काही घरातल्या कुणाचं आहे.

"उतरेगा, साईं. पोवळी खातात ना. और केएच कितना?"

"ते काय?"

"और मॅग्नेशियम?" लालवानींनी उसासा टाकला. "साईं, कॅल्शियम अकेला नहीं आता. बारात लेके आता है." त्यांनी काउंटरवर एक कॅल्शियमची बाटली ठेवली, शेजारी केएचसाठी सोड्याच्या जातीची दुसरी ठेवली, तिच्या शेजारी मॅग्नेशियमची तिसरी. मग वरातीतल्या प्रत्येकाला मोजायचं वेगळं किट. "ये सुबह डालो, ये शाम को. दोनो साथ में नहीं, हां."

सकाळ-संध्याकाळ हे दुकानदारांचं बोलणं असतं, डॉक्टरांसारखं दिसावं म्हणून, असं कासारेंचं मत होतं. एकाच पाळीत होणारं काम दोन पाळ्यांत करणं हा तर सरळ आळस. घरी येऊन त्यांनी उजव्या हाताने एक बाटली आणि डाव्या हाताने दुसरी, अशी एकदम ओतली.

समुद्राचं दूध झालं.

दूध म्हणजे अगदी चहात घालावं असं. दगड दिसेनात, पोवळी दिसेनात. पाण्यातलं होतं नव्हतं ते कॅल्शियम सोड्याला बिलगून पांढरी भुकटी झालं आणि सावकाश तळाशी बसू लागलं. कासारेंनी घाईघाईने तपासलं. आकडा आधीपेक्षा खाली. जेवढं घातलं होतं तेही गेलं आणि जाताना घरातलं घेऊन गेलं.

"नासलं का हो?" शीलाताईंनी विचारलं.

"अवक्षेप आहे."

"तेच ते. लिंबू पडलं की माझंही होतं."

बातमी जिन्याने उतरली आणि सल्ला लिफ्टने वर आला. नीलिमाताईंनी स्वतःच्या गुडघ्याच्या कॅल्शियमच्या गोळ्या देऊ केल्या, शिवाय नाचणीचं सत्त्व. पानवाल्याने चुना सुचवला. परब मात्र बोलून थांबणारे नव्हते. "भूषणराव, समुद्र तुमी माका शिकवू नका. शिंपल्यांत काय आसता? कॅल्शियम. माशांका कोण गोळ्यो देता?" आणि कासारे केमिस्टकडे गेलेले असताना त्यांनी येऊन ओंजळभर शिंपल्या टाकीत सोडल्या.

शिंपल्या घरच्याच होत्या. आदल्या दिवशी परबांकडे तिसऱ्या-शिंपल्यांचं सुकं झालं होतं. परब म्हणत, स्वच्छ धुतल्या होत्या. त्या धुतल्या असतीलही, पण मालवणी मसाला हा एका पाण्यात जाणारा नाही. कासारे परतले तेव्हा पाण्यावर केशरी तेलाचा तवंग होता आणि चौथ्या मजल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, समुद्रासारखा वास येत होता.

"बघा, कसो जिवंत वाटता," परब म्हणाले.

कासारेंनी त्यांना काही सुनावलं नाही. बोलायला शब्द हवेत आणि ते सगळे त्यांनी सुगतसाठी राखून ठेवले होते. ते रोज वर्तमानपत्राचे तुकडे पाण्यावर पसरून तेल टिपत बसले. आणि तपासत बसले. आता तीन वस्तू, प्रत्येकीची तीन रीडिंग, वर खात्रीसाठी एक. पोवळ्यांनी सगळी तोंडं मिटून घेतली होती. हिरवं राखाडी दिसू लागलं. मनालीने फोनवर सांगितलं की परतीची तिकिटं काढलीत. झोपेत ते म्हणाले, "सुगतराव, बसा ना." अशा नरम आवाजात त्यांनी जावयाला जागेपणी कधी बसायला सांगितलं नव्हतं, त्यामुळे शीलाताई घाबरल्या.

पण त्यांनाही त्यांचं स्वतःचं दुःख होतं. त्यांचा कढीपत्ता गेला. वांगणीहून माहेरच्या परसातून आणलेलं रोप, छातीएवढं झालं होतं. आधी पानांच्या कडा जळल्या, मग पानं गळाली, मग काड्या राहिल्या.

"कशानं गेला, सांगा आता," त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "एवढी तपासणी करता, माझ्या झाडाची करा."

मोडलेल्या वस्तूची चौकशी हे कासारेंचं जुनं काम. ते नाइलाजाने उठले. कुंडीवर वाकले. मातीवर पांढरा थर जमला होता. त्यांनी बोटाने खरवडला, पाहिला, वास घेतला आणि जिभेवर ठेवला.

"अहो, माती काय खाताय? डोहाळे लागले का?"

"खारट आहे," कासारे म्हणाले. आणखी एक बोट चाखलं. मग ते गॅलरीतल्या उलट्या बादलीवर हळूहळू बसले. "शीला, समुद्र इथे आहे."

"कुठे?"

"तुझ्या कुंडीत."

मग एकेक धागा सुटत गेला. उन्हाने उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. पण सिरिंजने काढलेलं पाणी जाताना आपलं मीठ, आपलं कॅल्शियम, सगळं सोबत घेऊन जातं. आणि कासारे त्या जागीही रेघेपर्यंत गोडंच पाणी भरत होते. सकाळची तीन, संध्याकाळची तीन, परबांच्या मेव्हण्याची, भिशीच्या बायकांची, मग वरातीतल्या प्रत्येकाची. नळी नळी करत अरबी समुद्र कढीपत्त्याच्या कुंडीत गेला होता आणि टाकीत बारवी धरणाचं गोडं पाणी येऊन बसलं होतं. ताज्या मिठाचं पाणी घातलं असतं तर सगळं भरून निघालं असतं, ते त्यांनी लॉट बिघडेल म्हणून अडवलं होतं. कॅल्शियम कमी होतंय म्हणून ते तपासत होते आणि ते तपासत होते म्हणून कॅल्शियम कमी होत होतं. फॅक्टरीत एक तोफगोळा फोडून बघायचा आणि बाकीची पेटी पास करायची, अशी रीत असते. कासारेंनी अख्खी पेटी फोडली होती.

"म्हणजे चोर सापडला," शीलाताई म्हणाल्या.

"सापडला."

"कोण?"

"तपासणी विभाग."

शीलाताईंना हसू आलं, पण त्यांनी ते दारामागे जाऊन हसून घेतलं. नवऱ्याची मान एवढी खाली त्यांनी निवृत्तीच्या समारंभातही पाहिली नव्हती. बाहेर येऊन त्यांनी तिन्ही किटं उचलली आणि कपाटाच्या लॉकरमध्ये, मंगळसूत्राच्या डबीशेजारी ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली.

उपाय साधा होता आणि म्हणूनच छळणारा होता. बादलीतलं समुद्री मीठ, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे कालवायचं आणि रोज एक-दोन मग जुनं पाणी काढून नवं घालायचं. बाकी काही करायचं नाही. हे 'काही करायचं नाही' कासारेंना जमत नव्हतं. हात आपोआप सिरिंज धरल्यासारखा वळायचा. ते लॉकरसमोरून उगाच दोनदा जायचे. एकदा शीलाताईंनी त्यांना बाथरूममध्ये पाण्याच्या बादलीकडे टक लावून बघताना पकडलं.

परब मावसभावाला घेऊन आले. "गुलाबीचां निळां दाखवा ह्येका."

"बंद आहे."

"मगे आता?"

"नुसतं बघायचं."

तिघे ओळीने बसून नुसतं बघू लागले. थोड्या वेळाने परबांनी घड्याळ बघितलं, मावसभावाने परबांकडे बघितलं आणि दोघे चहा न घेता उठले. भिशीच्या बायका नंतर फिरकल्याच नाहीत. टाकीवरची गर्दी ओसरली आणि कासारे एकटे उरले. एका सकाळी, वर्तमानपत्राची घडीही मोडली नव्हती, तेवढ्यात त्यांना हिरव्या पोवळ्यावर एक तोंड उघडलेलं दिसलं. मोहरीएवढं. शेजारी दुसरं. त्यांनी शीलाताईंना हाक मारली नाही. साक्षीदाराशिवाय त्यांनी आयुष्यात पाहिलेली ती पहिली गोष्ट.

सुगत आणि मनाली आले तेव्हा सगळी पोवळी उघडली होती, आणि जांभळ्याला कडेने पांढरी किनार आली होती. पांढरी किनार म्हणजे नवी वाढ. सुगत दार उघडताच नमस्कार विसरून टाकीपुढे गुडघ्यांवर बसला.

"पप्पा, हे वाढलंय."

नीलिमाताई आणि परब, जावयाच्या स्वागताला म्हणून, आत येऊन बसलेच होते. "वाढतलाच," परब म्हणाले, "दिवसभर तपासणी. आमी डोळ्यांनी बघितला."

कासारेंनी फक्त गप्प बसायचं होतं. इतका चांगला टोमणा असा आयता ताटात आल्याचा योग त्यांच्या आयुष्यात आला नव्हता. शीलाताई स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. कासारे खाकरले.

"सुगतराव, मी ते जवळजवळ मारलं होतं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. अवक्षेप सांगितला, तवंग सांगितला (इथे परबांनी छताकडे पाहिलं), कुंडी सांगितली. शेवटी म्हणाले, "तुम्ही म्हणालात ते खरं होतं. मला जमलं नाही. मी हात लावायचा थांबलो तेव्हा त्याचं त्याला जमलं."

सुगतने खाली मान घातली. हसतोय की काय, असं कासारेंना वाटलं. पण तो ओशाळला होता.

"पप्पा, मी कधी तपासलंच नाही. किट टाकीबरोबर फुकट मिळालं होतं. सील होतं ना त्याला?"

कासारेंना आठवलं. सील त्यांनीच फोडलं होतं. "मग चारशे वीस कुठून आणलंत?"

"लालवानींच्या भिंतीवर लिहिलंय. मी नुसतं पाणी बदलायचो. तेही मनालीने आठवण केली तर."

"मग मला जमणार नाही, हे कशाच्या जोरावर?"

सुगतने मनालीकडे पाहिलं. मनालीने आईकडे पाहिलं आणि मग ती सरळ बोलली. "पप्पा, त्याला टाकी तुमच्याकडे ठेवायचीच नव्हती. परत न्यायला आल्यावर काय काय ऐकावं लागेल, म्हणून."

नीलिमाताईंना अचानक घरी दूध तापत ठेवल्याचं आठवलं आणि त्या परबांनाही घेऊन गेल्या, कारण परबांना काहीच आठवत नव्हतं.

जेवणं झाली. कासारेंनी स्वतः भात वाढला, त्यावर काही न बोलता. सुगतने दुसऱ्यांदा घेतला, मग तिसऱ्यांदा. हात धुतल्यावर तो म्हणाला, "ते गुलाबीचं निळं होतं कसं? मला दाखवा ना एकदा." शीलाताईंनी लॉकर उघडला. कासारेंनी जावयाला नळी कशी धरायची, थेंब कसा सोडायचा, तीन रीडिंग कशासाठी, सगळं समजावलं. सुगत लहान मुलासारखा डोळे मोठे करून बघत होता. चारशे दहा आलं. टाकी जिन्याने खाली गेली. किटंही गेली.

पुढच्या आठवड्यात दुपारी फोन वाजला.

"पप्पा, कॅल्शियम चारशे आलंय. सकाळी चारशे पाच होतं."

"किती वेळा बघितलंत?"

सुगत बोलायच्या आत मागून मनालीचा आवाज आला. "ऑफिसला सुट्टी टाकलीय त्यानं. तीन-तीनदा घेतोय आणि मला साक्षीला उभं करतोय. कणीक तशीच पडलीय माझी."

कासारेंच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उगवलं. शीलाताईंनी मेथी निवडायची थांबवली. एवढ्या महिन्यांची उधारी, व्याजासकट, दारात येऊन उभी होती. कासारेंनी तोंड उघडलं. मिटलं.

"सुगतराव, काही घालू नका. सिरिंज खाली ठेवा. मी येतोच."

त्यांनी फोन ठेवला, शर्ट चढवला.

"टोमणे मारायला निघालात?" शीलाताईंनी विचारलं.

"मारेन एखादा," कासारे पायात चपला सरकवत म्हणाले. "पण आधी त्यांच्याजवळ बसतो. पहिले दोन-तीन दिवस फार जड जातात."